पीठ वाचणारा गुणाजी

भांडुपच्या डोंगरउतारावरच्या वस्तीत कोणी वारलं, की खांद्याला चार माणसं जमवताना मारामार व्हायची. पण गुणाजी पालवला बोलवायला कोणीतरी आधीच पळालेलं असायचं. त्याचं बोलावणं असे ते पिठासाठी.

ही माणसं बहुतेक कुडाळ-सावंतवाडीकडची. त्यांची रीत अशी, की ज्या जागी जीव गेला तिथं तांदळाचं पीठ पातळ पसरायचं, शेजारी दिवा लावायचा, दोन्हींवर टोपली उपडी घालायची आणि टोपलीच्या एका कडेखाली काडी लावून बोटभर फट ठेवायची. पुरुष स्मशानातून परतले की टोपली उचलायची. पिठात पाऊल उमटलेलं असतं. ज्याचं पाऊल, त्या जन्माला माणूस गेलं. गाईचं पाऊल सगळ्यांत चांगलं. आता टोपलीखाली गाय शिरणार कशी, हे विचारायचं नसतं.

हे वाचणं पूर्वी म्हाताऱ्यांचं काम होतं. ते गुणाजीकडे आलं त्याच्या डोळ्यांमुळे. परळच्या एका गिरणीत तो बावीस वर्षं कापड तपासायला होता. ठाणच्या ठाण डोळ्यांखालून सरकायचं आणि एक धागा सुटलेला असला तरी त्याचं बोट बरोबर तिथं पडायचं. ब्याऐंशीच्या संपात गिरणी गेली ती गेलीच. मग तो भांडुपच्याच एका कारखान्याच्या गेटवर दिवसपाळीचा वॉचमन झाला. एवढा नजरबाज माणूस, आणि काम काय, तर येणाऱ्याजाणाऱ्या ट्रकचे नंबर बघायचे. नशिबाची थट्टा म्हणतात ती हीच.

एका रविवारी तो डोंगरात सरपणाला गेला असताना त्याला एक चष्मेवाला गृहस्थ पाचोळ्यात गुडघ्यांवर बसलेला दिसला. हातात जाळं. हे मुलुंडचे श्यामकांत कर्णिक, विमा कंपनीत अधिकारी. मुलुंड ते भांडुप या डोंगरपट्ट्यात कोणकोणती फुलपाखरं आहेत आणि ती नेमकी कुठं राहतात, याची यादी करायचं वेड त्यांनी घेतलं होतं. समोर बसलेलं पाखरू त्यांना अर्धा तास सापडत नव्हतं. गुणाजीनं मोळी खाली न ठेवताच सांगितलं, "ता काय, त्या मोडक्या पानाशेजारी." पाखरू खरंच तिथं होतं. त्या दिवसापासून गुणाजीचे रविवार साहेबांचे झाले.

साहेबांनी त्याला पाखरू मारायला शिकवलं. जाळ्यात आलं की पंख मिटलेल्या अवस्थेत धरायचं आणि अंगठा आणि तर्जनीत त्याची छाती हलकेच दाबायची. एवढंसं 'टक्' होतं. मग कागदाच्या त्रिकोणी पुडीत ठेवून वर तारीख, जागा आणि जवळचं झाड लिहायचं. "दिसलं तेवढंच लिहायचं, गुणाजी," साहेब सांगत, "वाटलं ते लिहायचं नाही." आणखी दोन गोष्टी त्यांनी शिकवल्या. काही पाखरं सहा पायांवर उभी राहतात. काही चारांवरच, पुढचे दोन छातीशी दुमडून. आणि पाखराचा पत्ता हवा असेल तर त्याची अळी कोणतं झाड खाते ते शोधायचं, म्हणजे पाखराचं घर आपोआप सापडतं. गुणाजीनं हे सगळं असं पाठ केलं, की दोन वर्षांत साहेबच त्याला विचारू लागले. त्याची बोटं मात्र कायमची रंगली. पंखांची बारीक धूळ नखांत बसायची ती साबणानं निघत नसे.

चौऱ्याऐंशीत शेजारच्या मार्तंडची आई गेली. टोपली उचलली तर पिठात बारीक ठिपक्यांची रांग. जाणते सीतारामबुवा म्हणाले, "उंदीर." मार्तंड म्हणजे तालमीतला गडी, दार अडवून उभा राहिला तर वारा आत यायचा नाही, तो हमसून हमसून रडायला लागला. आई जन्मभर उंदरांना शिव्या घालत जगली होती. गुणाजीच्या खिशात साहेबांनी दिलेलं भिंग होतं. त्यानं वाकून पाहिलं. झुरळ होतं, स्वच्छ झुरळ. सहा पाय आणि मागं ओढलेल्या पोटाची रेघ. पण मार्तंडकडे बघून त्याच्या तोंडून निघून गेलं, "उंदीर खयचो! पाखरू आसा. लिंबावरचा."

मेलेल्याबद्दल चांगलं बोलायला कोणाचं काय जातं? पण तिथंच गुणाजीची वाट लागली.

तेव्हापासून तीन वर्षांत त्यानं वीस-बावीस घरांत पीठ वाचलं. कधी झुरळ असायचं, कधी मुंग्या, कधी पाल. गुणाजी प्रत्येक वेळी पाखरू सांगायचा, आणि नुसतं पाखरू सांगून थांबायचा नाही. कुठलं पाखरू, कुठल्या झाडावरचं, हेही सांगायचा. साहेबांकडचं ज्ञान होतं ना! कोणाचा बाप कढीपत्त्यावर गेला, कोणाची सासू पानफुटीवर, कोणाचा भाऊ आंब्यावरच्या बांडगुळावर. लोक जाऊन बघत. झाड असायचं, त्याच्यावर तेच पाखरूही असायचं, कारण ते तिथं असतंच. मग विश्वास का नाही बसणार?

हळूहळू सगळा उतार मेलेल्या माणसांनी भरला. लिंबं तोडायची तर मार्तंड आधी आईची परवानगी घ्यायचा. कढीपत्ता दारात असून लोक बाजारातून आणायचे. गुणाजी संध्याकाळी कामावरून परत येताना पायवाटेच्या दोन्ही बाजूंना झुडपांआडून बोलण्याचे आवाज येत. कोणी झुडपाला रागे भरत असे, कोणी पोरीच्या लग्नाचं विचारत असे. तो जवळ आला की बोलणं थांबायचं आणि लोक त्याच्या चेहऱ्याकडे न बघता त्याच्या बोटांकडे बघायचे. तो रविवारी काय करतो ते सगळ्यांना ठाऊक होतं. तोंडावर कोणी काही बोलत नसे. गुणाजी आता जाळं पिशवीत लपवून, वळसा घालून, डोंगराच्या पलीकडच्या बाजूला जायचा आणि तिथंही मागं वळून वळून बघायचा. अंगठा आणि तर्जनी जवळ आली, की त्याला वाटायचं कोणीतरी श्वास रोखून धरलाय.

या सगळ्यात सुगंधाचं घर त्याला सगळ्यांत जड गेलं. तिचा चार वर्षांचा माणिक तापात तीन दिवसांत गेला. एवढ्या लहानाला पीठ घालत नाहीत, पण तिनं हट्टानं घातलं. गुणाजी परतला, टोपली उचलली. पीठ कोरं होतं. झुरळसुद्धा नाही. समोर सुगंधा बसलेली, डोळे कोरडे. गुणाजीनं भिंग डोळ्याला लावलं, दुसरा हात पिठाकडे नेला आणि नखानं चार-चार बारीक ठिपके काढले. "पाखरू," तो म्हणाला, "नारिंगी. रुईवरचं." रुईचं झाड तिच्या दारापासून दहा पावलांवर होतं. ती रोज सकाळी तिथं जाऊन बसायला लागली. हळूहळू जेवायला लागली, कामालाही जायला लागली.

घरी आल्यावर गुणाजीच्या बायकोनं, रुक्मिणीनं, त्याच्या हातावर पाणी घातलं आणि नखातलं पांढरं पीठ बघितलं. रुक्मिणी कमी बोलायची, पण तिच्या नजरेतून काही सुटायचं नाही. दोघांना मूलबाळ नव्हतं. रात्रीच्या भाकरीला ती एवढंच म्हणाली, "आज तुमी चित्रा काडून इलास."

सत्त्याऐंशीच्या पावसाळ्यात रुक्मिणीनं अंथरूण धरलं. पोटातलं दुखणं. डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं, त्यातच सगळं आलं. एका दुपारी तिनं गुणाजीला जवळ बोलावलं.

"तुमी सगळ्यांका पाखरू सांगतास," ती म्हणाली. "माझा खरा सांगा."

"काय बोलतंस तू ह्या?"

"झुराळ असला तर झुराळ सांगा. काय नसला तर नाय सांगा. पण खरा सांगा, आणि सगळ्यांसमोर सांगा. माका तुमच्या खोट्यात जावचा नाय."

गुणाजीनं शब्द दिला. मरणाऱ्या माणसाला शब्द देणं सोपं असतं. पुढचं सगळं आपल्याला एकट्याला निस्तरायचं असतं हे तेव्हा सुचत नाही. तिचं खरं सांगायचं म्हणजे बाकीच्या वीस घरांचं खोटं उघडं पाडायचं, आणि त्यांतलं एक घर सुगंधाचं.

अनंत चतुर्दशीच्या सकाळी ती गेली. विसर्जनाचा दिवस, दुकानं बंद. तिरडीला बांबू मिळेना. मार्तंड कोयता घेऊन डोंगरामागच्या ओहोळात गेला आणि हिरवेगार, पानांसकट बांबू तोडून घेऊन आला. शेंडे छाटून घरामागं टाकले, तिरडी बांधली. पीठ सुगंधानंच पसरलं. दुपारी रुक्मिणीला नेलं.

परत आले तेव्हा दिवेलागण झाली होती. दारात सगळी वस्ती उभी. टोपली सुगंधानं उचलली.

पिठात पावलं होती. भिंगाची गरजच नव्हती. चार-चार ठिपके, फटीपासून दिव्यापर्यंत. दिव्याजवळ पीठ दोन्ही बाजूंना पंख्यासारखं झाडलेलं. दिव्याच्या तेलात नखाएवढा पंखाचा तुकडा तरंगत होता, तपकिरी, मधून पांढुरका पट्टा गेलेला. कड जळलेली.

इतकी वर्षं जे तो खोटं सांगत आला, ते त्याच्या समोर होतं. "काय आसा?" मार्तंडनं विचारलं. गुणाजीनं तुकडा कागदात घेतला आणि म्हणाला, "दहाव्याक सांगतंय." पीठ वाचायला त्यानं मुदत मागितली असं आजवर झालं नव्हतं. लोक घरी गेले.

चौथ्या दिवशी तो मुलुंडला गेला. सुतक असल्यामुळे साहेबांच्या घरात शिरेना. साहेबांना असल्या गोष्टींचं काही नव्हतं, पण त्यांनी आग्रह केला नाही. काचेची पेटी उचलून बाहेर जिन्यावरच आणली आणि गुणाजीशेजारी पायरीवर बसले. दोघांनी तो तुकडा टाचणीनं टोचलेल्या पाखरांशेजारी धरून धरून पाहिला. तिसऱ्या रांगेत जुळला.

"बांबू ट्रीब्राऊन," साहेब म्हणाले. "मादी. हा पांढरा पट्टा मादीलाच असतो. कुठं सापडला?"

"माझ्या घरात. दिव्यात."

साहेबांनी चष्मा काढला. "शक्य नाही हो. ही दाट सावलीतली. बांबूचं बेट सोडत नाही. उन्हाचा कवडसा ओलांडायलासुद्धा का-कू करते. वस्तीत कशी येईल?"

त्यांचं ते 'कशी येईल' डोक्यात घेऊन गुणाजी परतला. पुढचे दोन दिवस तो वेगळाच माणूस होता. घरात शिरताना आवाज न करता शिरायचा. रुक्मिणीच्या जागेकडे बघून हसायचा. आली होती, ती खरंच आली होती, आणि जळली बिचारी. त्याला आनंद झाला होता आणि भयही वाटत होतं, आणि या दोन्हींतलं कुठलं मोठं हे त्याचं त्यालाच कळत नव्हतं.

सातव्या दिवशी ऊन उतरल्यावर तो ओहोळाकडे गेला. पाखराचं घर त्याला ठाऊक झालं होतं; घर ठाऊक झालं की माणूस भेटायला जातोच. बांबूचं बेट उतारावरून खाली पाण्यापर्यंत गेलेलं. आत काळोखी गारवा, कुजलेल्या पानांचा वास. पहिल्यांदा काहीच दिसलं नाही. मग त्याची नजर बसली. बांबूवर, पाचोळ्यावर, दगडांवर पंख मिटलेली तपकिरी पाखरं होती. पाच, दहा, किती तरी. प्रत्येकाच्या पंखावर काळ्या बुबुळांचे डोळे. ती सगळी त्याच्याकडे बघत होती.

"रुक्मिणी?" त्यानं हळूच हाक मारली. हयात असताना तिला नावानं हाक त्यानं कधी मारली नव्हती.

एक पाखरू उठलं, वाकडंतिकडं उडत आलं आणि त्याच्या उजव्या मनगटावर बसलं. चार पायांवर. त्याच्या घामात सोंड खुपसून ते प्यायला लागलं. गुणाजीचे डोळे भरून आले, आणि त्या धूसर नजरेसमोर त्याला त्याचा डावा हात पुढं येताना दिसला. अंगठा आणि तर्जनी एकमेकांकडे निघाली होती. त्यानं सांगितलं नव्हतं. पाच वर्षांच्या सवयीनं बोटं आपण होऊन पाखराच्या छातीपर्यंत पोचली. तो ओरडला आणि हात झटकत मागं कोसळला. पाखरं सगळीकडे उठली, आवाज न करता.

पडल्या जागी त्याच्या तळहाताला टोकदार काही टोचलं. बांबूचा बुंधा होता, तिरका, ताजा तोडलेला. शेजारी आणखी दोन. कोयत्याचे घाव. मार्तंडनं बांबू इथूनच तोडला होता.

गुणाजी उठून धावत घरी आला, घरामागं टाकलेले बांबूचे शेंडे एकेक करून उलटेपालटे करू लागला. सुकलेल्या एका पानाच्या पाठीवर एक कोश लोंबत होता, पातळ, फुटलेला, रिकामा. अळी बांबूवर वाढली, कोशात गेली, तिरडीच्या बांबूबरोबर घरी आली आणि त्या दिवशी बाहेर पडून दिव्याकडे गेली. सगळा पत्ता जुळला. साहेब खूश झाले असते.

दहाव्याचे विधी पवईच्या तलावाकाठी झाले. घरी आल्यावर मंडळी बसली आणि मार्तंडनं विचारलं. गुणाजीनं सगळ्यांसमोर तो कोश तळहातावर ठेवून दाखवला.

"पाखरू होता," तो म्हणाला. "तिरडीच्या बांबवातसून इला. रुक्मिणीचा त्याच्यात काय नाय. तिनाच माका खरा सांगूक सांगितल्यान."

सीतारामबुवांनी मान खाली घातली. मार्तंड उठून उभा राहिला. "म्हणजे माझ्या आयेचा पण असाच कायतरी?" त्याचा आवाज चिरकला. गुणाजीनं कोश मुठीत मिटला. तेवढं उत्तर मार्तंडला पुरलं. तो निघून गेला, त्याच्यामागून एकेक करून सगळे. दुसऱ्या दिवशी सकाळी वस्तीतलं लिंबाचं झाड मुळाशी तोडलेलं होतं. पायवाटेवर कोणी कोणाशी बोलत नव्हतं.

शब्द पाळला होता आणि गुणाजीला वाटत होतं आपण वीस माणसं दुसऱ्यांदा मारली. खरं बोललं की हलकं वाटतं म्हणतात. ज्यांनी म्हटलं त्यांनी कधी बोलून बघितलं नसावं.

दुपारी सुगंधा आली. तिची वाट तो सकाळपासून बघत होता, आणि ती येऊ नये असंही त्याला वाटत होतं. ती उंबऱ्याच्या आत येऊन बसली. ती मुंबईतच वाढलेली, म्हणून तिच्याशी गुणाजीही शहरी बोलायचा. कमरेची पिशवी सोडून तिनं कागदाची एक घडी काढली.

"गुणाभाऊ, भिंग आहे ना? हे बघा."

"सुगंधा, आधी ऐक," गुणाजी म्हणाला. "तुझ्या माणिकच्या पिठात काही नव्हतं. ते ठिपके मी काढले. नखानं."

"ठाऊक आहे मला. मी समोरच होते ना."

गुणाजीनं खिशातून भिंग काढून मांडीवर ठेवलं.

"तुम्ही काढलंत ते मधोमध," ती म्हणाली. "हे कडेचं आहे. तुम्ही लोक त्याला हातावर घेऊन गेलात, माझ्यानं राहवेना, म्हणून मी एकटीनंच टोपली उचलून बघितली. फटीजवळ पीठ हललेलं होतं, जरा नारिंगी दिसत होतं. तुम्ही परत आलात की कोणाचा तरी पाय पडेल, म्हणून तेवढं चमच्यानं काढून घेतलं आणि बाकीचं सारखं केलं. तुम्ही काय सांगता ते ऐकायचं होतं मला. मी काही बोललेच नव्हते, आणि तुम्ही म्हणालात नारिंगी, रुईवरचं."

"मग दोन वर्षं गप्प का बसलीस?"

"तुम्ही बरोबर सांगितलंत, मग बोलायचं कशाला? काल तुम्ही तिरडीचं बोललात तेव्हा घाबरले. पण माझ्या पोराला कुठं तिरडी होती, गुणाभाऊ? तुम्ही लोकांनी हातावर नेलंत त्याला. बघा ना एकदा."

गुणाजीनं घडी दाराच्या उजेडात उलगडली. चिमूटभर पीठ, जुनं, पिवळट पडलेलं. त्यानं भिंग लावलं. कोपर गुडघ्यावर टेकवलं. पिठाच्या कणांत नारिंगी कण होते. हळद नव्हती, तिखट नव्हतं. कौलांसारखे चपटे, एका टोकाला दाते असलेले. पंखांची धूळ. हा आकार त्यानं हजारदा पाहिला होता. हे कण त्याच्या बोटांवरचे म्हणावेत, तर तेव्हा तो स्मशानात होता, खड्ड्यात माती लोटत.

रुई दारापासून दहा पावलांवर होती. ते पाखरू कोणाच्याही घरात शिरतं, रोज शिरतं. हे गुणाजीला ठाऊक होतं. आणि पीठ कोरं दिसताच आपल्या तोंडून नेमकं तेच नाव का आलं, हे ठाऊक नव्हतं. त्याला त्या घरातली दुपार आठवू लागली आणि मग एकेक करून बाकीची सगळी घरं. सगळीकडे तो वाकला होता. भिंग डोळ्याला लावलं होतं. पण पहिल्या घरानंतर काय सांगायचं ते दारातच ठरलेलं असायचं, आणि पिठाकडे त्यानं नीट बघितलं असं एकही घर त्याला आठवेना. त्या सगळ्यांच्या पिठात काय उमटलं होतं? ते कधीच झाडून टाकलं होतं लोकांनी.

"काय आहे?" सुगंधानं विचारलं.

"पाखराच्या पंखाची धूळ आहे," तो म्हणाला. "नारिंगी."

तिनं डोळे मिटले. घडी त्याच्या हातातून घेतली, पूर्वीच्याच मोडीवर दुमडली आणि पिशवीत ठेवली. उठताना तिची नजर रुक्मिणीच्या रिकाम्या जागेकडे गेली.

"आणि वहिनींचं? ते बांबूचंच का खरं?"

गुणाजीनं तोंड उघडलं. कोश होता, बुंधा होता, पंखाचा तुकडा होता. सगळं जुळत होतं. सगळं सांगून झालं होतं. रुक्मिणीला खरं हवं होतं.

"माका ठाऊक नाय गं," तो म्हणाला, आणि बायको गेल्यापासून पहिल्यांदा त्याला रडू फुटलं.

सुगंधा परत खाली बसली. तिनं त्याची दोन्ही हातांची बोटं आपल्या मुठीत धरली आणि त्याचं रडणं संपेपर्यंत सोडली नाहीत.